'लेखक म्हणून माझी वाढ' लिहायला सांगितलीय, पण मी तर बिघडलेय असं वाटतंय, मग काय लिहू?

आधी प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोल्हापुरातली मुलगी, बीएच्या शेवटच्या वर्षाला. वर्षभर लेखनाचा कोर्स केला, आता सगळ्या लेखांची फाईल आणि सोबत दीड हजार शब्दांचं टिपण द्यायचंय, विषय 'या कोर्समध्ये लेखक म्हणून माझी झालेली वाढ'. तिचं म्हणणं, वाढ कसली डोंबलाची, आधी एका बैठकीत तीन पानं व्हायची, आता एक परिच्छेद लिहायला संध्याकाळ जाते आणि लिहिलेलं सगळं खोटं वाटतं. सिनियर लोकांच्या फायली बघितल्या तर सगळ्यांनी 'या कोर्सने मला घडवले' असं लिहून ठेवलंय, मग मी पण तेच लिहू का खरं लिहू, आणि खरं लिहिलं तर मार्क जातील का. आणि शेवटी हळूच एक ओळ, की एका लेखाला एआयची मदत घेतली होती, ते सांगायचं का गप्प बसायचं.

तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची आहेस म्हणून सरळ तू म्हणतोय, राग मानू नको. मी आधी पेपरच्या डेस्कवर होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या बातम्या कापायच्या, जोडायच्या, हेडिंग द्यायची हे काम, आणि नंतर कॉलेजात आलो, आता बरीच वर्षं असे लेखनाचे कोर्स घेतोय. दर सेमच्या शेवटी अशा टिपणांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो, म्हणजे तू ज्या सरांना घाबरतीयस त्या बाजूनं मी हे लिहितोय.

काही गोष्टी मात्र तुझ्या कॉलेजवर अवलंबून आहेत, त्या मी इथं बसून सांगू शकत नाही. टिपण कोण तपासणार, वर्गावर शिकवणारे सर का बाहेरून येणारे एक्स्टर्नल? मार्क कशाला किती हे लिहून दिलंय का? तुमचा कोर्स ललित लेखनाचा होता का बातमी, मुलाखत, जाहिरात अशा प्रसारमाध्यमांच्या लेखनाचा? कारण बातमी लिहायला शिकलेल्या पोराची वाढ वेगळी दिसते आणि कथा लिहायला शिकलेल्याची वेगळी. मार्कांचा कागद मिळाला असेल तर तो आधी वाच, माझ्याकडं कितीतरी पोरं तो न वाचताच लिहून आणतात आणि मग 'सर तुम्ही सांगितलंच नव्हतं' म्हणून दारात उभी राहतात.

आता तुझा खरा घोळ कुठं आहे ते सांगतो. तू दोन वेगळे प्रश्न एकात एक गुंतवलेयस. एक म्हणजे 'मी वाढले का', आणि दुसरा 'मी बदलले ते कागदावर कुठं दिसतंय'. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुला आत्ता देता येणार नाही, वर्षाच्या शेवटी कुणालाच येत नाही, आणि ते देण्याचा आव आणला की 'या कोर्सने मला घडवले' हेच वाक्य पेनातनं बाहेर पडतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुझ्या वहीत आणि मोबाईलमध्ये पडलेलं आहे, ते शोधून काढायचं नुसतं. तुझ्या सरांना पण दुसरंच हवं असणार. पहिलं हवं असेल तरी दुसरं दिलं की पहिलं आपोआप मिळतं.

हे लिहायला वेळ लागतोय त्याचं आधी बघूया, कारण तुझ्या डोक्यात तीच गोष्ट जास्त बसलीय. नॅन्सी सोमर्स नावाच्या अमेरिकेतल्या लेखनाच्या अभ्यासक आहेत, त्यांचा १९८० चा एक अभ्यास आमच्या क्षेत्रात अजून शिकवतात. त्यांनी २० विद्यार्थी घेतले आणि २० अनुभवी लिहिणारे, पत्रकार, संपादक, प्राध्यापक असले. सगळ्यांकडनं निबंध लिहून घेतले आणि परत परत लिहून घेतले, आणि दोन खर्ड्यांमध्ये नक्की काय बदललं ते तपासलं. विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलत होते, हा शब्द दोनदा आला म्हणून तिथं दुसरा घाल, हे वाक्य बरं वाटत नाही म्हणून ते काढ. अनुभवी लोक मात्र आपल्याला म्हणायचंय काय तेच शोधत होते, आख्खी मांडणी हलवत होते, आणि वाचणाऱ्याला हे कसं दिसेल हा विचार त्यांच्या डोक्यात सारखा होता. आता तूच बघ, शब्द बदलायला किती वेळ लागतो? अर्धा तास. म्हणायचंय काय ते शोधायला संध्याकाळ जाते, कधी कधी दोन जातात. म्हणजे तुझा वेग कमी झालाय हे कदाचित तू या दुसऱ्या कामाला लागलीयस म्हणून झालंय.

कदाचित म्हणतोय हं. कारण वेग कमी व्हायचं दुसरं कारण पण असतं, भीती. सर काय म्हणतील, वर्गात वाचून दाखवलं तर पोरं हसतील, ही धास्ती. तिच्यानं पण संध्याकाळच जाते. यातलं तुझं कुठलं ते ओळखायची सोपी खूण आहे, त्या संध्याकाळी तू काय करत होतीस ते आठव. पहिलं वाक्य पंधरा वेळा लिहून पंधरा वेळा खोडलंस का? ती बहुतेक भीती. का मधला परिच्छेद वर नेला, एक अख्खा उडवला, आईला फोन करून काहीतरी विचारलंस? तर ते काम आहे. दोन्ही असेल तर दोन्ही लिही, टिपणात तेही चालतं, उलट तेच वाचायला मजा येते.

बरं, आता सामान गोळा करायचं. जुने खर्डे कुठनं आणायचे हा सगळ्यांचा प्रॉब्लेम असतो, कारण पोरं फायनल झालं की आधीचं फाडून टाकतात. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असशील तर फाईल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते, तिथं तारखेनुसार आधीची रूपं दिसतात, कुठलं वाक्य कधी आलं आणि कधी गेलं ते रंगात दिसतं. पण दुसरीकडं लिहून शेवटी तिथं चिकटवलं असशील तर तिथं काही मिळायचं नाही. मग व्हॉट्सअॅपवर वर्गाच्या ग्रुपला पाठवलेली जुनी फाईल बघ, सरांनी लाल पेनानं रंगवलेले कागद बघ, मोबाईलात वहीच्या पानाचे फोटो असतील ते बघ. आणि राजारामपुरीत किंवा कुठं डीटीपीवाल्याकडं टाईप करून घेतलं असशील तर त्याच्याकडं फाईल बऱ्याचदा पडलेली असते, फक्त ती श्रीलिपीतली, म्हणजे डीटीपीवाल्यांच्या मराठी फॉन्टातली, असली की तुझ्या मोबाईलवर नुसत्या अळ्या दिसतील, म्हणून त्याला पीडीएफ करून मागायचं.

सगळं मिळालं की सगळ्यावर लिहू नको. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी निम्मी पोरं 'पहिल्या असाइनमेंटमध्ये मी हे शिकले, दुसऱ्या असाइनमेंटमध्ये मी ते शिकले' असा जमाखर्च लिहून आणतात. दीड हजार शब्दांत आठ लेख बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार? एक लेख घे, फार तर दोन. ज्यात सगळ्यात जास्त बदललं तो घे, मग तो फाईलमधला सगळ्यात चांगला लेख नसला तरी चालेल.

उदाहरण देतो, माझ्या एका विद्यार्थ्याचं आहे, त्याला विचारून आणि थोडं बदलून. पोरगा पन्हाळ्याकडच्या एका गावातला, चुलत्याचं गुऱ्हाळ. पहिल्या खर्ड्यात त्यानं लिहिलं होतं:

'गुऱ्हाळ हा आपल्या ग्रामीण संस्कृतीचा अविभाज्य घटक आहे. तेथील वातावरण अत्यंत प्रसन्न असते. कामगार अहोरात्र कष्ट करून आपल्याला गोड गूळ देतात.'

यात चुकीचं काही नाही, पण हे लिहायला गुऱ्हाळावर जायची गरज नाही, पुण्या-मुंबईत बसून कुणीही लिहील. आणि गंमत म्हणजे हा पोरगा सुट्टीत त्याच गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारायला बसायचा. तिसऱ्या का चौथ्या खर्ड्यात ते असं झालं:

'रसावर मळी यायला लागली की काका भेंडीचं चिकट पाणी घालतो, मळी गोळा होते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. मग नुसतं बघत बसायचं. काका पळीनं थेंबभर पाक घेतो, थंड पाण्यात सोडतो आणि बोटानं दाबतो. गोळी झाली की म्हणतो, उतरा रं. थर्मामीटर आणलाय, तो खुंटीला अडकवलेला आहे. त्याच्याकडं कोण बघत नाही.'

आता यावर त्यानं वाढीचं टिपण कसं लिहिलं ते महत्त्वाचं. पहिल्यांदा त्यानं लिहून आणलं, 'माझ्या लेखनात आता वर्णनात्मकता आणि वास्तवता आली आहे.' म्हणजे परत तोच रोग, लेख सुधारला पण टिपणात 'संस्कृतीचा अविभाज्य घटक' शिरलाच. मी त्याला म्हटलं, मला हे सांग की 'कामगार' हा शब्द कधी गेला? तर तो म्हणाला, वर्गात वाचलं तेव्हा मागनं एका मुलीनं विचारलं, कोण कामगार, किती जण असतात? आणि मला कळलं की मी ज्यांना काका, तात्या, दादा म्हणतो त्यांना लिहिताना कामगार म्हणतोय. झालं, म्हटलं हेच लिही. त्यानं शेवटी जे दिलं त्यातला एक तुकडा:

'घरी ज्याला मी काका म्हणतो तो लेखात कामगार झाला होता, कारण मला वाटायचं निबंधात नातेवाईक आणायचे नसतात. एका प्रश्नामुळं मी त्याला परत काका केलं. मग त्याचे हात दिसायला लागले. थर्मामीटरचं वाक्य मी तीनदा काढलं, कारण त्यात काकाची चेष्टा होतेय असं वाटत होतं. शेवटी ठेवलं. चेष्टा होत नाही, काकाला थर्मामीटर लागत नाही एवढंच त्यात आहे. मजुरी किती मिळते ते लिहिलं होतं, ते काढलं, कारण हा लेख गावात वाचला जाणार होता. ते काढून लेख थोडा लंगडा झालाय हे मला माहीत आहे.'

हा तुकडा जरा नीट बघ. यात 'वाढ' हा शब्दच नाही, 'शिकलो' पण नाही. पण वाचणाऱ्याला कळतं की हा पोरगा आता प्रत्येक वाक्य ठेवायचं का काढायचं ते ठरवतोय, आणि का ते सांगू शकतोय. आणि शेवटचं मजुरीचं बघ, त्यानं लेख जाणूनबुजून थोडा कमजोर केला, घरच्यांसाठी, आणि ते लपवलं नाही. मला विचारशील तर आख्ख्या टिपणात ती सगळ्यात भारी जागा होती. एक्स्टर्नलनी पण तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं, मजुरी का काढली, आणि पोरगा दहा मिनिटं बोलला.

म्हणजे तुला करायचंय काय, तर एक बदल पकडायचा, तो कुणामुळं किंवा कशामुळं झाला ते सांगायचं, बदलताना दुसरा कुठला पर्याय हातात होता ते सांगायचं, आणि बदलल्यावर काय मिळालं आणि काय गेलं ते. असे तीन-चार बदल नीट उघडून दाखवलेस की दीड हजार शब्द कधी संपतात कळत नाही, उलट कापावं लागतं.

यातच अजून एक जागा असते, जिथं पोरं सहसा जात नाहीत. न ऐकलेला सल्ला. सरांनी सांगितलं हे काढ आणि तू नाही काढलंस, किंवा मैत्रीण म्हणाली शेवट बदल आणि तू म्हणालीस नको. असं काही असेल तर अवश्य लिही, कारणासकट. सगळे सल्ले ऐकणारा पोरगा शिस्तीचा असतो, पण कुठला सल्ला आपल्या लेखाला लागू नाही हे ज्याला कळतं तो पुढं गेलेला असतो. सरांना राग येईल ही भीती सोड. आम्ही वर्षभर इतके सल्ले देतो की कुठला कुणाला दिला ते आमच्याच लक्षात नसतं, आणि कुणी कारण देऊन नाही म्हटलं की बरंच वाटतं.

वाचणाऱ्याचं भान आलं का हेही बघायची सवय ठेव. आमच्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर दर बॅचला पुरावरचे लेख येतात, साहजिक आहे, आणि बहुतेकांची सुरुवात पेपरातल्यासारखी, 'पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली'. कोल्हापूरकराला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे पाणीपातळीचे आकडे पाठ असतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, पावसाळ्यात तर चहाच्या टपरीवर पण तेच चाललेलं असतं, आज किती फूट झालं. पण लातूरच्या वाचकाला ४३ फूट म्हणजे काय कळणार? एका मुलीनं नंतरच्या खर्ड्यात फक्त एवढं केलं, ४३ फुटाला पाणी आमच्या बोळाच्या तोंडाशी येतं आणि आज्जी देव्हारा माळ्यावर चढवायला सांगते, असं एक वाक्य घातलं. आकडा तोच राहिला, पण आता तो लातूरच्या वाचकालाही कळतो. असा एखादा बदल तुझ्या लेखात नक्की असणार, जिथं तुला पहिल्यांदा वाटलं की हे वाचणाऱ्याला माहीत नाही. तो शोध.

कॉलेजनं एखादा साचा दिला असेल तर त्याबद्दल. बऱ्याच ठिकाणी ग्रॅहम गिब्ज या शिक्षणाच्या अभ्यासकाचं, अनुभवावर विचार करायचं १९८८ चं चक्र देतात, त्यात सहा टप्पे आहेत: काय झालं, काय वाटलं, बरं-वाईट काय, तसं का झालं, त्यातनं काय निघालं, पुढं काय करणार. नर्सिंगच्या आणि शिक्षकांच्या कोर्सला ते जास्त वापरतात आणि एखाद्या घटनेवर विचार करायला ते चांगलंच आहे. पण आख्ख्या वर्षाला ते लावलं की पोरं सहा रकाने भरल्यासारखं लिहितात, प्रत्येक रकान्यात चार ओळी, आणि 'काय वाटलं' मध्ये हमखास 'सुरुवातीला भीती वाटली, नंतर आत्मविश्वास आला'. साचा सक्तीचा असेल तर एकाच बदलाला लाव, म्हणजे वर त्या पोराचं 'कामगार ते काका' होतं तसल्या एकाला. मग सहाही टप्प्यांत सांगायला काहीतरी असतं. चौथ्या टप्प्याला, तसं का झालं, सगळ्यात जास्त जागा दे, भावनांना सगळ्यात कमी.

शुद्धलेखन सुधारलं हे वाढ म्हणून लिहायचं का, असं बरेच जण विचारतात, तू पण विचारशील. लिहायचं, पण चार ओळींत, आणि नेमकं. 'माझे शुद्धलेखन सुधारले' हे कुणी वाचत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ चे ४, असे १८ नियम आहेत, त्यातला तुझा कुठला चुकायचा ते सांग. म्हणजे वरच्याच पोराला 'गूळ' दीर्घ आणि 'गुळाचा' ऱ्हस्व हे कळलं, आणि मग फूल-फुलाचा, जमीन-जमिनीचा हे पण त्याच घरातलं आहे हे लक्षात आलं, एवढं लिहिलं तर पुरे. यापुढं शुद्धलेखनावर पान भरू नको, एक्स्टर्नल तुझ्याच टिपणात चुका शोधायला लागतील.

आता तुझं ते 'बिघडलेय' घेऊया, कारण ते मला खोटं वाटत नाही. लेखनाच्या कोर्सनं काही गोष्टी खरंच बिघडतात. तू लिहिलंयस की आधी इन्स्टावर मोठमोठी कॅप्शन लिहायचीस आणि मैत्रिणी हसून लोळायच्या, आता तसं जमत नाही. हे मी कितीतरी पोरांत बघितलंय. माझ्या वर्गातल्या मुली बोलताना बिनधास्त 'मी आलो की सर', 'मी जेवलो' म्हणतात, कोल्हापुरी हाय ते, आणि वही उघडली की 'मी आले', 'मी जेवले' आणि त्याच्या मागोमाग सगळा सभ्यपणा येतो, आणि त्या सभ्यपणात विनोद मरतो. कोर्समध्ये आम्ही मांडणी, परिच्छेद, संदर्भ यावर इतका जोर देतो की पोरांचा मूळ आवाज बसून जातो, यात शिकवणाऱ्यांचा पण वाटा आहे. तर हे टिपणात लिही. पण तक्रार म्हणून नको, पुरावा देऊन लिही. जुनं एक कॅप्शन घे, त्याच विषयावरचा कोर्समधला परिच्छेद घे, शेजारी शेजारी ठेव, आणि दाखव की इथं वाक्य लांब होतं ते तुटलं, इथं आईचं बोलणं जसंच्या तसं होतं ते प्रमाणभाषेत गेलं. मग सांग की यातलं तुला काय परत हवंय आणि काय गेलं ते बरंच झालं. पैलवानाला नवीन वस्ताद मिळाला की पहिले काही महिने त्याचे जुने डाव पण बसत नाहीत, तसंच हे आहे, आणि टिपण त्या मधल्या काळात लिहायला लागतंय हे तुझं नशीब.

आणि समज एवढं सगळं उकरून पण काही बदललेलं दिसलंच नाही, पहिला लेख आणि शेवटचा लेख सारखेच, तर? असं होतं. कधी पोरगी आधीच चांगलं लिहीत असते आणि कोर्स तिच्या खालच्या पातळीचा असतो, कधी वर्षभर लेख आदल्या रात्री लिहिलेले असतात. पहिलं असेल तर काय शिकले याऐवजी काय तपासून बघितलं यावर लिही. दुसरं असेल तर ते सरळ सांगून एक लेख आत्ता परत लिही, अजून मुदत असेल तर, आणि त्याच्यावर टिपण कर. आठ दिवसांत केलेलं एक खरं पुनर्लेखन वर्षभराच्या गोल गोल बोलण्यापेक्षा जास्त सांगून जातं.

मार्कांचं. प्रामाणिक लिहिलं म्हणून मार्क गेलेले मी बघितले नाहीत, पण प्रामाणिक आणि मोघम लिहिलं म्हणून गेलेले बघितलेत. 'मला या कोर्समधून काहीच मिळाले नाही' हे मोघम आहे, 'या कोर्सने मला घडवले' हे पण तितकंच मोघम. दोन्ही वाक्यांखाली मी 'कुठं?' असं लिहून देतो. आभाराचं वाक्य घालायचं असेल तर एक घाल, शेवटी, आणि नेमक्या गोष्टीसाठी, 'अमुक लेखाच्या समासात सरांनी जो प्रश्न लिहिला त्यामुळे' असं. सगळ्या सरांची नावं घेऊन आभारप्रदर्शन करू नको, तो काय गॅदरिंगचा कार्यक्रम नाही. मात्र काही शिक्षकांना खरंच गौरवपर लिहिलेलंच आवडतं, हे मी नाकारत नाही, आणि तुझे तसे असतील तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तसं असेल तर सुरुवातीचा परिच्छेद त्यांच्यासाठी लिही आणि उरलेला स्वतःसाठी.

सुरुवात कुठनं करायची, तर टिपणाच्या पहिल्या वाक्यावर बसू नको. दोन खर्डे प्रिंट काढून शेजारी ठेव, पेन घे, बदललेल्या जागांना खुणा कर आणि प्रत्येक खुणेशेजारी 'का' ते दोन शब्दांत लिही, बोलल्यासारखं, सुधारू नको. त्या खुणांतल्या ज्या तीन-चारवर तुला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं त्या निवड. सुरुवात आणि शेवट सगळ्यात शेवटी लिही.

आणि एआयचं. आधी कॉलेजचा नियम काय आहे तो बघ, काही ठिकाणी सांगून वापरलेलं चालतं, काही ठिकाणी अजिबात नाही, आणि तुझ्या लेखाचं काय होणार ते त्यावर ठरतं. नियम काहीही असला तरी गप्प बसू नको, कारण तोंडी परीक्षेत त्याच लेखातल्या एखाद्या वाक्याबद्दल विचारलं आणि तुला सांगता आलं नाही तर बाकीच्या सात लेखांवर पण संशय येतो, जे तू स्वतः लिहिलेत. सबमिशनच्या आधी सरांना जाऊन भेट, लेख घेऊन जा, एआयला काय विचारलं होतंस, त्यातनं काय मिळालं, त्यातलं किती ठेवलंस ते दाखव. ते म्हणाले ठेव, तर टिपणात त्यावर एक परिच्छेद लिही, एआयनं दिलेलं वाक्य आणि तुझं वाक्य शेजारी ठेवून. ते म्हणाले काढ, तर लगेच विचार की फाईलमध्ये किमान किती लेख लागतात, कमी पडत असेल तर तेव्हाच मुदत मागून घे, सबमिशनच्या दिवशी ऑफिसच्या खिडकीवर मागून काही मिळत नाही.